शमनला नेमकं काय घालायचं: इंटेलेक्ट, एमपी फाईव्ह, की सरळ प्लस हीलिंग?

राजारामपुरी_टोटेम (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाईन गेमचं क्लासिक एरा (जुनं मूळ व्हर्जन) खेळालोय, ऑर्क वंशाचा शमन, लेव्हल ६० होऊन बरेच दिवस झाले, गिल्डबरोबर (आमच्या संघाबरोबर) मोल्टन कोअर ही ४० जणांची रेड चालू आहे. रेडमध्ये मला रेस्टो (हील करणारा शमन) म्हणूनच घेतात, शमनला दुसरं काय म्हणून घेणार म्हणा, पण रेड सोडून बाकी सगळा वेळ मला एनहान्समेंटच (जवळनं मारामारी करणारा शमन) खेळायचंय, दोन हाती कुऱ्हाड, हत्याराला जादा वार देणारी विंडफ्यूरी, एका दणक्यात समोरचा आडवा, त्यासाठीच तर शमन केला नाहीतर प्रीस्ट काय वाईट होता.

आता अंगावर द एलिमेंट्स सेटचे चार तुकडे आहेत आणि बाकी हाताला लागेल ते. कॅरेक्टर शीटवर बघितलं तर सगळंच थोडं थोडं दिसतंय, स्ट्रेंथ पण आहे, स्पिरिट पण आहे, इंटेलेक्ट पण आहे, आणि फाईट निम्म्यावर आली की माना (स्पेल टाकायला लागणारी शक्ती) खल्लास. गिल्डमधला एक म्हणतोय इंटेलेक्ट वाढव, दुसरा म्हणतोय एमपी फाईव्ह (दर ५ सेकंदाला परत येणारा माना), तिसरा म्हणतोय प्लस हीलिंग (हीलचा आकडा वाढवणारा स्टॅट) सोडून कशाकडं बघूच नको. एनहान्समेंटचं तर विचारूच नका, तिथं स्ट्रेंथवाले आणि अ‍ॅजिलिटीवाले एकमेकांच्या उरावर बसलेत. कुणीतरी आकड्यासकट सांगा की. "डिपेंड करतंय" एवढंच सांगणाऱ्याला रंकाळ्यात बुडवणार.

कागलकर_मेज

डिपेंड करतंय.

कागलकर_मेज

😂 मस्करी सोड. टोटेम (जवळच्यांना मदत करणारा खांब) टाक, चेन हील (एकावरनं दुसऱ्यावर उडी मारणारा हील) मार आणि गप बस. आम्ही मेज (जादूगार) लोक मरायला लागलो की तुझं स्ट्रेंथ-अ‍ॅजिलिटी काय कामाचं.

पंचगंगा_प्रीस्ट

पहिलं एक क्लिअर करतो, नाहीतर धाग्याचा इस्कोट होणार. क्लासिक, त्यानंतरची बर्निंग क्रुसेड आणि रॅथ ही व्हर्जनं, आणि आत्ताचं मुख्य व्हर्जन म्हणजे रिटेल, यात शमनचे स्टॅट (इंटेलेक्ट, स्ट्रेंथ असले आकडे) एकसारखे वागत नाहीत, नेटवर गाईड वाचताना वर कुठल्या व्हर्जनचं आहे ते बघितल्याशिवाय एक ओळ पुढं जाऊ नये. धागाकर्त्याचा प्रश्न क्लासिकचा आहे तर तेवढंच बोलतो.

एलिमेंट्स सेटमध्ये जो स्पिरिट आहे तो तुझ्या अंगावर नुसता ओझं आहे. स्पिरिटनं माना भरतोय खरा, पण स्पेल टाकून माना खर्च केलास की पुढची ५ सेकंद ते भरणं बंद. मला प्रीस्टला मेडिटेशनचं टॅलेंट आहे, स्पेल टाकत असताना पण थोडं चालू राहतंय, ड्रुइडला रिफ्लेक्शन आहे. शमनला असलं काहीच दिलेलं नाही. आणि रेडमध्ये ५ सेकंद हात बांधून बसणारा हीलर मी तरी बघितला नाही. एमपी फाईव्हला हा नियम लागत नाही, तू कास्ट कर नाहीतर नाच, दर ५ सेकंदाला तेवढा माना येणारच. म्हणून शमनच्या बाबतीत स्पिरिट खाली आणि एमपी फाईव्ह वर, यात वाद घालायला जागाच नाही.

इंटेलेक्ट की एमपी फाईव्ह, हा वाद मात्र खरा आहे. जेवून येऊन लिहितो, नाहीतर कुणीतरी लिहा तोवर.

शाहूपुरी_शमन

मी लिहितो, माझा विषय आहे.

१ इंटेलेक्ट म्हणजे १५ माना. आता समज एका वस्तूवर १० एमपी फाईव्ह आहे. ३ मिनिटांची फाईट म्हणजे १८० सेकंद, म्हणजे ५-५ सेकंदाचे ३६ हप्ते, म्हणजे ३६० माना. ३६० ला १५ नं भाग, २४ इंटेलेक्ट. म्हणजे ३ मिनिटांच्या फाईटमध्ये १० एमपी फाईव्ह आणि २४ इंटेलेक्ट मानाच्या हिशोबात सारखेच. फाईट ५ मिनिटं चालली तर तेच १० एमपी फाईव्ह ६०० माना देतंय, त्याची बरोबरी करायला ४० इंटेलेक्ट लागणार. दीड मिनिटात बॉस पडला तर फक्त १२ इंटेलेक्टनं काम झालं असतं.

आता कळलं का गिल्डमधली तिघं वेगवेगळं का सांगालीत? ज्याचं गिल्ड मोल्टन कोअर पळत पळत करतंय तो इंटेलेक्टवाला, ज्याच्या गिल्डमध्ये निम्मी माणसं बॉससमोर उभी राहून जेवायला जातात तो एमपी फाईव्हवाला. दोघं बी आपल्या जागी बरोबर. इंटेलेक्टला वर थोडा स्पेल क्रिट (स्पेल जास्त जोरात बसायची शक्यता) पण मिळतोय, साठाच्या आसपास इंटेलेक्टला १ टक्का, तो बोनस समज, त्याच्यावर गिअर (अंगावरचं सामान) उभं करू नको.

त्यामुळं तुझ्या गिल्डची एक सरासरी फाईट किती मिनिटं चालतीय ते लॉगमध्ये बघ, आणि भागाकार तूच कर.

राजारामपुरी_टोटेम

हे भारी झालं. आमच्या फाईट दोन-अडीच मिनिटाच्या असतात, शेवटचा बॉस रॅग्नारोस सोडून. म्हणजे माझ्याकडं इंटेलेक्टचं पारडं जड ना? मग तो प्लस हीलिंगवाला मधीच कुठनं आला?

शाहूपुरी_शमन

तोच सगळ्यात बरोबर बोलतोय बहुतेक 😄

बघ, स्पेलला प्लस हीलिंगचा किती वाटा मिळणार हे त्याच्या कास्ट टाईमवर ठरतंय. कास्ट टाईम भागिले साडेतीन. हीलिंग वेव्ह ३ सेकंदाची, तिला साधारण ८६ टक्के मिळतात. लेसर हीलिंग वेव्ह दीड सेकंदाची, तिला ४३. चेन हील अडीच सेकंदाचं, त्याला ७१. म्हणजे गिअरवर १०० प्लस हीलिंग वाढलं तर चेन हीलच्या पहिल्या माणसाला ७१ जास्त. पण ते उड्या मारतंय की, दुसऱ्याला निम्मं म्हणजे ३६, तिसऱ्याला त्याच्या निम्मं १८. बेरीज १२५. शंभर घातले आणि सव्वाशे बाहेर आले, अट एवढीच की तिन्ही उड्या कामाला लागल्या पाहिजेत, टँक एकटाच लांब कोपऱ्यात उभा असेल तर ७१ वरच समाधान मान.

आता मानाशी जोड लाव. चेन हील रँक १ ला (सगळ्यात खालच्या पायरीला) २६० माना लागतो, रँक ३ ला ४०५. प्लस हीलिंग दोघांना सारखंच लागतंय कारण कास्ट टाईम तोच. म्हणजे प्लस हीलिंग वाढलं की तू रँक १ वर उतरू शकतोस, आणि प्रत्येक कास्टमागं १४५ माना वाचला. दहा कास्ट म्हणजे १४५० माना, म्हणजे जवळजवळ ९७ इंटेलेक्ट. एवढं इंटेलेक्ट कुठल्या दुकानात मिळतंय सांग. म्हणून जुने रेस्टो लोक माना संपतोय म्हटलं की इंटेलेक्ट घाल म्हणत नाहीत, रँक उतर म्हणतात, आणि रँक उतरायला प्लस हीलिंग लागतंय.

गंगावेस_ड्रुइड

शाहूपुरीनं मस्त मांडलंय, एक भर घालतो. गिअरला हात लावायच्या आधी पिशवीत काय आहे ते बघ भावा. ब्रिलियंट माना ऑईल हत्याराला लावलं तर १२ एमपी फाईव्ह आणि २५ प्लस हीलिंग. मेजब्लड पोशन १२ एमपी फाईव्ह. नाईटफिन सूप ८. झाले ३२. शाहूपुरीच्याच हिशोबानं ३ मिनिटांत साडेअकराशे माना, एक तुकडा न बदलता. वर तुझं स्वतःचं माना स्प्रिंग टोटेम दर २ सेकंदाला १० देतंय ते धर, तेच २५ एमपी फाईव्ह झालं, आणि तुझ्या पार्टीतल्या बाकी चौघांना पण. मेजर माना पोशन २ मिनिटांनी परत घेता येतंय, ते पहिल्यांदा लवकर प्यायचं म्हणजे दुसरं पण फाईटमध्ये बसतंय. लोक माना तळाला गेल्यावर पितात आणि दुसऱ्याची वेळ येईपर्यंत बॉस पडलेला असतो.

आणि मेल-मेल (शमनचं कड्यांचं चिलखत) करत बसू नको. हीलिंगचे चांगले तुकडे कापड आणि लेदरमध्ये पण आहेत, शमन ते घालू शकतोय. बॉसनं तुझ्यावर नजर फिरवली तर मेल घातलंस काय आणि कापड घातलंस काय, तू दोन दणक्यात जमिनीवरच.

कागलकर_मेज

"कापड पण घाल"?? ओ ड्रुइड भावा, आधीच प्रीस्ट लोक आमचं कापड पळवतात, त्यात आता शमन पण रांगेत उभा करालास व्हय?

गंगावेस_ड्रुइड

भावा नको, ताई म्हण. आणि प्लस हीलिंगचं कापड घेऊन मेज काय करणार ते पण सांग.

कागलकर_मेज

सॉरी ताई 🙏 विकणार.

पंचगंगा_प्रीस्ट

प्रीस्ट म्हणून या विषयावर माझं मौन.

जेवून आलो. रिटेलचं एक सांगून टाकतो म्हणजे तिकडनं कुणी वाचत आला तर गोंधळ नको: तिथं उलटं आहे, आपल्या जातीचं आर्मर सगळ्या जागी घातलं तर मुख्य स्टॅटला ५ टक्के बोनस मिळतोय, म्हणजे शमननं मेलच घालायचं, कापडाचा प्रश्नच येत नाही. आणि तिथं क्रिट, हेस्ट, मास्टरी, व्हर्सॅटिलिटी यातलं एकच ढीगभर करून चालत नाही, रेटिंगमधनं ३० टक्क्याच्या वर गेलं की पुढच्या रेटिंगची किंमत १० टक्क्यानं उतरते, ३९ च्या वर २० टक्क्यानं. शॅडोलँड्सपासून ते तसं केलंय. तिथं डोकं लावण्यापेक्षा स्वतःचं कॅरेक्टर सिम्युलेशनला टाकायचं आणि ते सांगेल ते घालायचं. क्लासिकमध्ये अजून कागद-पेनाला किंमत आहे, मला तरी हेच आवडतं.

हुपरीकर_आण्णा

पोरांनो, शमन वॉरक्राफ्टनं शोधला नाही. एव्हरक्वेस्ट १९९९ सालचा, त्यात शमन होता. त्याचा माना इंटेलेक्टवर नव्हे तर विस्डमवर चालायचा, आणि त्याच्याकडं कॅनिबलाईज नावाचा स्पेल होता, स्वतःचं रक्त जाळून माना करायचा. त्यामुळं तिथल्या शमनला अंगात जीव जास्त असणं म्हणजे खिशात माना जास्त असणं. शत्रूला स्लो करायचा, दोस्तांना बफ द्यायचा, आणि बसून स्वतःला खायचा. गिअर बघताना हे डोक्यात ठेवायला लागायचं.

सांगायचं कारण, स्टॅट चांगला-वाईट नसतोय. क्लास तो स्टॅट कुठं खर्च करतोय ते बघायचं.

राजारामपुरी_टोटेम

आण्णा १९९९ ला मी पहिलीत पण नव्हतो 😅 पण मुद्दा पटला.

बरं रेस्टोचं निम्मं डोक्यात शिरलं. आता कुऱ्हाडीचं बोला की. स्ट्रेंथ का अ‍ॅजिलिटी?

उजळाईवाडी_ऑर्क

आला माझा विषय, सरका सगळे.

हे बघ. क्लासिकमध्ये शमनला १ स्ट्रेंथ म्हणजे २ अटॅक पॉवर. अ‍ॅजिलिटीतनं अटॅक पॉवर शून्य, नुसता क्रिट, २० अ‍ॅजिलिटीला १ टक्का, शिवाय थोडा डॉज आणि आर्मर. १४ अटॅक पॉवर म्हणजे सेकंदाला १ डॅमेज. आता २० स्ट्रेंथ आणि २० अ‍ॅजिलिटी समोरासमोर उभे कर. २० स्ट्रेंथ म्हणजे ४० अटॅक पॉवर म्हणजे सेकंदाला २.८६ डॅमेज. २० अ‍ॅजिलिटीसाठी समज तुझं हत्यार सेकंदाला ६० चं आहे आणि अटॅक पॉवर ८०० आहे, त्याचे ५७, एकूण ११७. क्रिट दुप्पट मारतंय म्हणजे १ टक्का क्रिटनं वाढले १.१७. कुठं २.८६ आणि कुठं १.१७. फ्लरीमुळं क्रिटनंतरचे ३ वार ३० टक्के जास्त वेगानं पडतात ते पकडलं तरी अंतर तुटत नाही. त्यामुळं सारख्या आकड्याला स्ट्रेंथ, डोळे झाकून.

पण!! वस्तूवर सरळ "१ टक्का क्रिट" लिहिलं असेल तर ते अ‍ॅजिलिटीत मोजू नको. तो १ टक्का म्हणजे २० अ‍ॅजिलिटी फुकट आल्यासारखं, आणि सोबत अटॅक पॉवर पण असेल तर तसली वस्तू सोडायची न्हाई.

अ‍ॅजिलिटीवाले लोक सगळे रॅथचं गाईड वाचून आलेत. रॅथमध्ये शमनला स्ट्रेंथ आणि अ‍ॅजिलिटी दोन्हीला एक-एक अटॅक पॉवर केली, वर अ‍ॅजिलिटीचा क्रिट, म्हणून तिथं अ‍ॅजिलिटी पुढं. इंटेलेक्टमधनं पण अटॅक पॉवर मिळायचं टॅलेंट होतं. ते इथं आणून चिकटवलं की वाद सुरू.

उजळाईवाडी_ऑर्क

आणि स्ट्रेंथ-अ‍ॅजिलिटी सगळं नंतर, आधी हिट (वार चुकू नये म्हणून लागणारी टक्केवारी). हिट नसेल तर बाकीचं सगळं म्हणजे मटण घातलंय पण चुलीला जाळच न्हाई असला पांढरा रस्सा.

६३ लेव्हलच्या बॉसवर, वेपन स्किल ३०० असलं तर स्टॉर्मस्ट्राईकसारखे वार चुकू नयेत म्हणून ९ टक्के हिट लागतंय. तू ऑर्क आहेस, ऑर्कला कुऱ्हाडीचं ५ स्किल जन्मजात. ३०५ झालं की गरज ६ टक्क्यावर आली. एनहान्समेंटमध्ये ३१ पॉईंट टाकून उरलेले २० रेस्टोत टाकलेस आणि त्यात नेचर्स गाईडन्स घेतलंस तर ३ टक्के तिथंच मिळाले. राहिले किती? फक्त ३ टक्के गिअरवरनं. टॉरेन नाहीतर ट्रोल शमनला तेच ६ टक्के गोळा करत फिरायला लागतंय. दोन हाती कुऱ्हाडीचं टॅलेंट तेवढं घ्यायला विसरू नको, त्याशिवाय ती उचलताच येत नाही.

आणि ते ५ स्किल नुसतं हिटसाठी नाही. बॉसवर साध्या वारांपैकी ४० टक्के ग्लान्सिंग पडतात, म्हणजे घसरते. स्किल ३०० असताना घसरता वार ३५ टक्क्यानं कमी लागतोय, ३०५ ला फक्त १५ टक्क्यानं. हे शीटवर कुठंच दिसत नाही, त्यामुळं लोकांना पत्ताच नसतोय.

कागलकर_मेज

आला का रस्सा. कोल्हापूरचा माणूस दहा ओळी लिहील आणि अकराव्या ओळीत रस्सा न्हाईतर मिसळ घातल्याशिवाय त्याचा हात थांबणार न्हाई.

उजळाईवाडी_ऑर्क

तुझ्या मेजला १६ टक्के स्पेल हिट लागतंय ते आधी भर, मग रस्सा मोज. (धागाकर्त्या, एलिमेंटल (स्पेलनं मारणारा शमन) खेळायचं डोक्यात आलं तर तुला पण तेच १६. त्यातले ३ नेचर्स गाईडन्समधनं. आणि हीलिंगला हिट लागतच नाही, हील कधी चुकत नाही, त्यामुळं रेस्टो सेटमध्ये हिटवाली अंगठी असेल तर आत्ताच्या आत्ता काढ.)

राजारामपुरी_टोटेम

काढली 😬

हत्यार कुठलं मग? सल्फ्यूरास म्हणू नका, गिल्डमध्ये तो वॉरिअरला ठरलाय.

उजळाईवाडी_ऑर्क

सल्फ्यूरास तसा पण मेस (गदा) आहे, तुझं ऑर्कचं स्किल त्याला लागणार न्हाई. आर्केनाईट रीपर कर. लोहाराकडनं बनतंय, कुणाशी रोल (लूटसाठी आकडा टाकून चिठ्ठी) करायला नको, कुणाची बोलणी खायला नकोत. कुऱ्हाड आहे, स्पीड ३.८०, अंगावर अटॅक पॉवर आहे, स्टॅमिना आहे. आर्केनाईट बारचा खर्च आहे तेवढा, पण एकदाच.

स्पीड का बघायचं ते सांगतो, कारण इथंच सगळी नवी पोरं फसतात. एका वारात अटॅक पॉवरचा वाटा असा निघतोय: अटॅक पॉवर भागिले १४ गुणिले हत्याराचा स्पीड. अटॅक पॉवर ७०० असेल तर ३.८० च्या कुऱ्हाडीला एका वारात १९०, २.७० च्या हत्याराला १३५. साध्या वारात हे सरासरीला सारखंच होतंय कारण दुसरं हत्यार जास्त वेळा पडतंय. पण विंडफ्यूरी लागली की २ जादा वार तिथल्या तिथं पडतात, त्यांना वाट बघायला लागत नाही. वर त्या वारांना रँक ४ ला ३३३ अटॅक पॉवर जादा, म्हणजे ३.८० ला प्रत्येक वारामागं अजून ९०. लागायची शक्यता दर वाराला २० टक्के. त्यामुळं जड आणि सावकाश हत्यार, बास.

एका हातात ढाल आणि एका हातात डॅगर (खंजीर) घेऊन विंडफ्यूरी लावणारे शमन मी बघितलेत. जगू देत बिचारे.

शाहूपुरी_शमन

सगळं बरोबर, पण उजळाईवाडी एक गोष्ट गाळालाय. एनहान्समेंट शमन रेडमध्ये गेला तर तो स्वतःच्या डॅमेजसाठी जात नाही, वॉरिअरांच्या पार्टीत विंडफ्यूरी टोटेम टाकायला जातोय. क्लासिकमध्ये टोटेम फक्त आपल्या ५ जणांच्या पार्टीला लागतंय, ४० च्या रेडला नव्हे. आणि चांगला शमन नुसतं विंडफ्यूरी ठेवत नाही, विंडफ्यूरी टाकतो, लगेच ग्रेस ऑफ एअर टाकतो, विंडफ्यूरीचा असर हत्यारावर १० सेकंद राहतोय तो संपायच्या आत परत विंडफ्यूरी. म्हणजे दर १० सेकंदाला हवेची दोन टोटेम, फाईट संपेपर्यंत. त्याला माना कोण देणार? स्ट्रेंथ? दीड मिनिटात तू कोरडा ठणठणीत.

म्हणून रेडमधल्या एनहान्समेंट सेटमध्ये मी थोडं इंटेलेक्ट आणि एमपी फाईव्ह मुद्दाम ठेवतो. डॅमेज मीटरवर मी खाली दिसतो. माझ्या पार्टीतले चार वॉरिअर वर दिसतात. रेड लीडरला अक्कल असेल तर त्याला कळतंय.

उजळाईवाडी_ऑर्क

हे मान्य, पण तो म्हणालाय की रेडमध्ये रेस्टोच आहे. एनहान्समेंट त्याला बाहेर मारामारीला पाहिजे. तिथं टोटेम फिरवत बसायला कुणाला वेळ आहे, समोरचा रोग (लपून वार करणारा क्लास) पाठीवर बसलेला असतोय.

गंगावेस_ड्रुइड

वॉरसाँगमध्ये (खेळाडूंच्या आपसातल्या लढाईचं मैदान) मारामारीचा विचार असेल तर मग स्टॅमिना विसरू नको. १ स्टॅमिना म्हणजे १० हेल्थ. सगळी स्ट्रेंथ घालून आलेला शमन मी फ्लॅग घेऊन पळता पळता बघितलाय, एक विंडफ्यूरी लागली तर समोरचा मेला, नाही लागली तर हा मेला. २० टक्क्याचा जुगार आहे, दुसऱ्या वेळेसाठी जिवंत राहायला पाहिजे की. तिथं हिट पण कमी लागतंय, समोर ६० लेव्हलचाच माणूस असतोय, ६३ चा बॉस नव्हे. बॉससाठी गोळा केलेलं हिट तिथनं काढून स्टॅमिना घाल.

आणि पिंगचं (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) पण बोला कुणीतरी. भारतात सर्व्हरच नाही, आपण सगळे परदेशी सर्व्हरवर. अर्थ शॉकनं समोरच्याचा हील तोडायचा तर तो कास्ट सुरू केलेला दिसतो तोवर निम्मा झालेला असतोय. शाहूपुरीचं ते टोटेम फिरवणं पण आपल्या पिंगवर घाम काढतंय, १० सेकंदाचं ८ सेकंद धरूनच फिरवायला लागतंय, म्हणजे माना अजून जास्त.

शाहूपुरी_शमन

हो, मी ८ वरच फिरवतो. त्यात संध्याकाळी पाऊस आला की लाईट जातीय ते वेगळंच, मागच्या महिन्यात रॅग्नारोसच्या मधी गेली, इन्व्हर्टरवर पीसी चालला पण राऊटर बंद. टोटेम उभं राहिलं, शमन गायब.

राजारामपुरी_टोटेम

😂😂 बरं, शेवटचं. मोल्टन कोअरमधनं अर्थफ्यूरी सेट गोळा करू का? आणि पुढं ब्लॅकविंग लेअरला गेलो तर टेन स्टॉर्म्स? का सेटच्या मागं न लागता सुटे तुकडे बघू?

शाहूपुरी_शमन

अर्थफ्यूरीचे ३ तुकडे घे, टोटेमची रेंज ३० यार्ड होतीय, ते रेडमध्ये खरंच जाणवतंय, मेली (जवळनं मारणारे) लोक बॉसच्या शेपटीमागं गेले तरी टोटेम पोचतंय. आठही तुकड्यांचा बोनस हीलिंग वेव्हला उड्या मारायला लावतोय, मजा येते, पण त्यासाठी आठ जागा अडकतात, आणि तू चेन हीलवालाच होणार असशील तर त्याचा उपयोग किती हे तूच बघ. टेन स्टॉर्म्सच्या ३ तुकड्यांना चेन हील दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला ३० टक्के जास्त लागतंय. मघाच्या ३६ आणि १८ ला ३० टक्के वाढव, ४७ आणि २३. पहिल्याचे ७१ धरून १२५ चे १४१ झाले. म्हणून टेन स्टॉर्म्स ३ आणि बाकी जागी प्लस हीलिंगचं जे मिळेल ते, हे माझं मत. पूर्ण सेट अंगावर चढवून शहराच्या दारात उभं राहायला चांगला दिसतोय, ते पण कधीकधी करावं.

पंचगंगा_प्रीस्ट

मी असतो तर अर्थफ्यूरीचा एक पण तुकडा एनहान्समेंटच्या नावाखाली मागितला नसता. धागाकर्त्या, लूटच्या वेळी स्पष्ट सांग, मी रेस्टोसाठी मागालोय. आणि स्ट्रेंथच्या तुकड्यांना वॉरिअर लोकांचं झाल्यावर हात वर कर. शमनचं नाव खराब व्हायला एकच माणूस बास होतोय, जो हीलिंगला येतो आणि कुऱ्हाडीवर रोल करतो.

राजारामपुरी_टोटेम

नाही नाही, कुऱ्हाड लोहाराकडनंच. गोल्ड जमवालोय. एरावर टॅलेंट बदलायला पण दर वेळी ५० गोल्ड जातंय, रेडच्या दिवशी रेस्टो आणि दुसऱ्या दिवशी परत एनहान्समेंट म्हणजे आठवड्याला १०० तिकडंच.

शाहूपुरी_शमन

मग रोज बदलू नको की. रेड झाल्यावर लगेच बदल, पुढच्या रेडपर्यंत एनहान्समेंटच ठेव. मधी कुणी डंजनला हीलर म्हणून बोलावलं तर एनहान्समेंट टॅलेंटमध्येच रेस्टोचे कपडे घालून जा, ५ जणांच्या डंजनला चालतंय. कपडे बदलायला गोल्ड लागत नाही.

उजळाईवाडी_ऑर्क

आर्केनाईट बार किती जमलेत?

राजारामपुरी_टोटेम

अर्धे पण न्हाईत.

कागलकर_मेज

माझ्याकडं अल्केमिस्ट आहे, आर्केनाईटचं ट्रान्सम्यूट करून देतो. थोरियम आणि आर्केन क्रिस्टल तू आण. बदल्यात मोल्टन कोअरमध्ये चेन हीलची एक उडी कायम माझ्याकडं.

गंगावेस_ड्रुइड

उडी कुठं जाणार ते शमन ठरवत नाही रे, स्पेल ठरवतंय, ज्याचं हेल्थ जास्त गेलंय आणि जो जवळ उभा आहे त्याच्याकडं जातंय. तू नेहमी सगळ्यांपासून तीस यार्ड लांब एकटा उभा असतोस.

कागलकर_मेज

मग ५ गोल्ड दे एका बारला.

राजारामपुरी_टोटेम

३.

कागलकर_मेज

४, आणि रेडच्या आधी समन करून नेणार कोण ते ठरव, मी एवढ्या लांब ब्लॅकरॉकला चालत येणार न्हाई.